वाकाटक राजमुद्रेवरील एक अनुष्टुभ् : घडण, वृत्त व भाव

भंडारा जिल्ह्यांतील पवनी येथें वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याच्या ३२ व्या राज्यवर्षाचा ताम्रपट उपलब्ध झालेला आहे. त्याच राजाचा २३ व्या वर्षाचा तिरोडी येथील ताम्रपट आज बालाघाट जिल्ह्याचा म्हणून गणला जातो. परंतु तिरोडीस जाणारा लोहमार्ग आमच्या तुमसर रोडहूनच निघतो, आणि १८६७ सालीं बालाघाट जिल्हा निर्माण झाला तेव्हां जुन्या भंडाऱ्याचा कांहीं भाग त्यांत घातला गेला, हें ध्यानांत घेतां तो पटहि आमच्याच घरचा म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत बेण्णाकट नामक विभागाच्या पश्चिम भागांतील कोसम्बखण्ड हें गांव दान दिल्याचें सांगितलें आहे. आणि बेण्णा म्हणजे आमची वैनगंगा. नदीच्या ह्या तीरावर जन्म घालविलेल्या मनुष्यास वाकाटकांविषयीं थोडी घरगुती आपुलकी वाटली तर वाचकांनीं ती क्षम्य मानावी.

ताम्रपट वाचणाराचें लक्ष स्वाभाविकपणें दानाचें गांव, प्रतिग्रहीता, गोत्र, तिथि व राजधानी ह्यांकडे असतें. पत्रे ज्या कडींत ओंवलेले असतात त्या कडीवरील मुद्रेकडे तो एकवार दृष्टि टाकतो, राजाचें नांव जुळलें कीं समाधान पावतो व पुढें जातो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती मुद्राच आहे. किंबहुना तिच्यावरील ३२ अक्षरांचा श्लोक. संस्कृतांत ह्याहून लहान पूर्ण कविता क्वचितच आढळेल. इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्या श्लोकाचा अर्थ केला आहे, पण तो काव्य म्हणून, म्हणजे त्याची घडण, त्याचें वृत्त व त्यांतला भाव पाहून, वाचला तर इतिहासालाहि त्यापासून कांहीं मिळतें, असा माझा अनुभव आहे.

श्लोक अभ्यासकांस मुखोद्गत असल्यामुळें येथें उतरून घेत नाहीं. अचलपुराजवळील चम्मक येथें १८६८ सालीं शेत नांगरतांना निघालेल्या ताम्रपटावर तो आहे. फ्लीट साहेबांनीं १८८८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें वाचन दिलें, व महामहोपाध्याय मिराशी ह्यांच्या १९६३ सालच्या वाकाटक लेखसंग्रहांत तो पुनःपुन्हा येतो, कारण प्रवरसेनाच्या बहुतेक पटांची मुद्रा एकच आहे. तात्पर्यार्थ असा : वाकाटक कुलाचें भूषण असलेल्या, वंशक्रमानें राजलक्ष्मी लाभलेल्या प्रवरसेन राजाची ही आज्ञा शत्रूंस शासन करणारी आहे. तांब्याच्या चकतीवर हा श्लोक चार ओळींत, एका ओळीस एक चरण, असा बसविलेला असतो. त्यामुळें ज्याला वृत्त कळत नाहीं त्यालाहि तें डोळ्यांस दिसतें.

प्रथम वृत्त. अनुष्टुभाचा नियम विद्यार्थीदशेंत प्रत्येकाने घोकलेला असतो : पांचवें अक्षर सर्व चरणांत लघु, सहावें गुरु, सातवें विषम चरणांत गुरु व सम चरणांत लघु. पहिलीं चार अक्षरें बरींचशीं मोकळीं. कवीचा हात ओळखावयाचा तो ह्या मोकळ्या चार अक्षरांत. नियमाचीं अक्षरें सगळ्यांचीं सारखींच असतात. मोकळ्या जागेंत जो तो आपली चाल चालतो.

मुद्रेच्या पहिल्या चरणाची मोजणी ग ग ल ल ल ग ग अशी येते (आठवें अक्षर सोडून देतों). तिसऱ्या चरणाची, म्हणजे ज्यांत राजपद व प्रवरसेनाचें नांव आहे त्याची, मोजणी केली तर तीहि ग ग ल ल ल ग ग अशीच येते. दोन्ही चरणांचा शेवट षष्ठीच्या एकाच प्रत्ययानें होतो. एका सांच्यांतून काढलेल्या दोन विटांप्रमाणें हे दोन चरण एकमेकांवर बरोबर बसतात : वर कुलाचें नांव, खालीं राजाचें नांव. दोन गुरूंनीं पाऊल रोवावयाचें, तीन लघूंनीं झपाट्यानें पुढें जावयाचें व पुन्हां दोन गुरूंवर थांबावयाचें, अशी ही चाल आहे. दुसरा चरण ल ग ग ल ल ग ल असा, म्हणजे प्रारंभींच हलका. वंशपरंपरेनें लक्ष्मी आपोआप चालत आली हें सांगणारा चरण असा हलक्या पावलानें यावा, ह्यांत कवीचा हेतु होता असें मी म्हणत नाहीं. कानाला तसें लागतें इतकेंच.

चौथ्या चरणाविषयीं मात्र हेतु नव्हता असें म्हणणेंच कठीण आहे. त्यांत ‘शासन’ हा शब्द दोनदां येतो, एकदां आज्ञा ह्या अर्थानें व एकदां दंड ह्या अर्थानें. दोहोंच्या मध्यें ‘रिपु’ हा शब्द आहे. मोजणी पाहावी : ग ल ग, मग ल ल, मग पुन्हां ग ल ग. उजवीकडून वाचा कीं डावीकडून वाचा, माप तेंच. शत्रूच्या वांट्याला दोन लघु अक्षरें आलीं आहेत, आणि तीं दोन शासनांच्या कात्रींत सांपडलीं आहेत. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले असल्यामुळें ह्यास यमक म्हणावें कीं लाटानुप्रास, असा प्रश्न आलंकारिक काढतील. अर्थ स्पष्टपणें भिन्न असल्यामुळें मी यमक म्हणतों; पण कोणी आग्रह धरल्यास भांडणार नाहीं.

घडणीचा दुसरा विशेष व्याकरणाचा आहे. संपूर्ण श्लोकांत क्रियापद नाहीं. तीन चरणभर षष्ठीमागून षष्ठी येते : अमक्याचें, अमक्याचें, अमक्याचें, आणि काय, तें चौथ्या चरणाशिवाय कळत नाहीं. तेथें प्रथमेंत शासन हा शब्द येतो व सारें वाक्य त्यावर येऊन टेकतें. मुद्रा ज्या दस्तऐवजावर लागावयाची त्याचेंच नांव ‘शासन’. तेव्हां श्लोकाचा कर्ता तो ताम्रपटच झाला. उपमा नाहीं, उत्प्रेक्षा नाहीं, देवतेचें नमन नाहीं, ‘विजयते’ नाहीं.

ह्या मुद्रेखालीं जें गद्य असतें तें ह्याच्या अगदीं उलट. अग्निष्टोम, आप्तोर्याम, उक्थ्य, षोडशी, अतिरात्र, वाजपेय अशी यज्ञांची माळ गुंफून चार अश्वमेध करणाऱ्या प्रथम प्रवरसेनापासून तें वाक्य सुरू होतें, आणि समासावर समास चढवीत पिढ्यांमागून पिढ्या ओलांडतें. दण्डीनें समासबाहुल्यास ओज म्हटलें व तेंच गद्याचा प्राण मानलें. वैदर्भ मार्गाचा विशेष म्हणून मात्र त्यानें प्रसाद, समता, अर्थव्यक्ति हे गुण सांगितले. खुद्द विदर्भाच्या राजांच्या एकाच ताम्रपटांत दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं आहेत. गद्य लेखकाच्या फडांतून आलें. श्लोक कोठून आला तें आपणांस ठाऊक नाहीं. प्रवरसेन स्वतः सेतुबन्ध ह्या प्राकृत महाकाव्याचा कर्ता मानला जातो, व कालिदासाचा वाकाटक दरबाराशीं संबंध जोडणारी परंपरा आहे. तेवढ्यावरून ह्या मुद्राश्लोकाचें पितृत्व कालिदासास देण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें तो आवरावा. बत्तीस अक्षरांवरून कवि ओळखण्याची विद्या अजून निघालेली नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों.

प्रवरसेनाची माता प्रभावतिगुप्ता ही गुप्तसम्राट् द्वितीय चन्द्रगुप्त व नागकुलोत्पन्न कुबेरनागा ह्यांची कन्या. पति द्वितीय रुद्रसेन अकालीं निवर्तल्यावर तिनें अल्पवयी पुत्र युवराज दिवाकरसेन ह्याच्या वतीनें राज्यकारभार चालविला. त्या काळच्या १३ व्या वर्षाचा तिचा ताम्रपट पुण्यांत एका तांबटाच्या ताब्यांत सांपडला. तो नन्दिवर्धनाहून, म्हणजे रामटेकाजवळच्या नगरधनाहून, दिलेला आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीस दङ्गुण नांवाचें गांव आचार्य चनालस्वामी ह्यास दिल्याचें त्यांत म्हटलें आहे. विदर्भांतला दस्तऐवज पुण्याच्या तांबटाकडे कसा गेला, हें ज्याचें त्यानें कल्पावें. ह्या पटाच्या मुद्रेवरहि तोच श्लोक आहे. पहिला, दुसरा व चौथा चरण तंतोतंत तोच. बदललेला आहे तो तिसरा. तेथें राजा नाहीं, प्रवरसेन नाहीं; ‘जननी’ आणि ‘युवराज’ हे दोनच शब्द षष्ठींत आहेत. आज्ञा युवराजाच्या मातेची आहे.

नांव कोणाचेंच नाहीं. ना मातेचें, ना मुलाचें. वाकाटकांच्या मुद्रेचा उपयोगच मुळीं आज्ञा कोणाची हें सांगण्याचा, आणि येथें तर आज्ञा देणारी निनांवी. असें कां व्हावें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर मीं कित्येक वर्षें वर्गांत दिलें. वरच्या वर्गास अनुष्टुभ् शिकवितांना ही मुद्रा फळ्यावर लिहावयाची, आणि मुलांस सांगावयाचें कीं, पाहा, वृत्ताची सक्ति कशी असते. राणीचें नांव तिला आपल्या मुद्रेवर घालतां आलें नाहीं, कारण तें अनुष्टुभांत मावत नाहीं. ‘प्रभावतीगुप्तायाः’ हीं सात अक्षरें. चरणाच्या आरंभापासून घातलीं तर पांचव्या ठिकाणीं ‘गु’ येतो, तो पुढच्या जोडाक्षरामुळें गुरु. मागें ‘श्री’ जोडून आठ केलीं तर पांचव्या ठिकाणीं ‘ती’ येतो, तोहि गुरु. विपुलेचा आश्रय केल्यास म-विपुला कशीबशी जुळते, पण तींत पांचव्या अक्षरानंतर यति हवा आणि तो ‘गुप्ता’ ह्या शब्दाच्या मधोमध पडतो. मुलाचें नांव घ्यावें तर ‘दिवाकरसेनस्य’ एवढ्यानेंच सात अक्षरें खाल्लीं. ‘जनन्याः’ची तीन कोठें बसावयाचीं? म्हणून कवीनें नांवें सोडलीं. मुलांस हें फार आवडत असे. गणिताप्रमाणें सुटणारें उदाहरण संस्कृतांत क्वचित् मिळतें.

मुलाच्या नांवाविषयींचा भाग अजूनहि खरा आहे. आईच्या नांवाविषयींचा खोटा होता. निवृत्तीनंतर ताम्रपटांचे ठसे सावकाशीनें पाहूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, मीं फळ्यावर जें नांव लिहीत होतों तें माझें होतें, राणीचें नव्हे. पटांत नांव ‘प्रभावतिगुप्ता’ असें आहे; ‘ति’ ऱ्हस्व. मिराशींनीं तें तसेंच छापलें आहे. मीं तें पाहूनहि मनांतल्या मनांत दीर्घ करून वाचीत आलों होतों, कारण ‘प्रभावती’ हाच शब्द शुद्ध अशी शिक्षकाची खात्री! वास्तविक संज्ञावाचक समासांत पूर्वपदाच्या स्त्रीप्रत्ययाचा ईकार ऱ्हस्व होऊं शकतो, अशी मुभा पाणिनीनें सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत दिलेली आहे व रेवतिपुत्र हें त्याचें उदाहरण परंपरेनें शिकविलें जातें. तें सूत्र मीं शिकविलें होतें. तरी जुळवून पाहिलें नाहीं.

आतां ऱ्हस्व ‘ति’ धरून, मागें ‘श्री’ घालून मोजावें : श्री-प्र-भा-व-ति-गु-प्ता-याः. ग ल ग ल ल ग ग, व शेवटीं आठवें. पांचवें लघु, सहावें गुरु, सातवें गुरु. विषम चरणाचा नियम अक्षरशः पाळला गेला! सगळा चरण नांवानेंच भरतो, एक मात्राहि वांकवावी लागत नाहीं. ‘राज्ञः प्रवरसेन’ जितक्या सहज बसतो तितक्याच सहज त्याच्या आईचें नांव त्या ठिकाणीं बसलें असतें. वृत्ताची सक्ति मुळींच नव्हती.

एखाद्या विद्वानास वाटेल कीं, वाकाटकांच्या कवीस तें सुचलें नसेल. त्यास उत्तर दुसऱ्या एका मुद्रेंत आहे. नागपूर जिल्ह्यांतील मांढळ येथें प्रवरसेनाचा नातू द्वितीय पृथिवीषेण ह्याचे ताम्रपट निघाले. त्याची मुद्रा वेगळ्या श्लोकाची आहे, आणि त्याचें नांव खरोखरच अनुष्टुभास जड जाणारें आहे. मागें ‘राज्ञः’ लावून तें बसवूं गेल्यास पांचव्या ठिकाणीं ‘वी’ हा गुरु येतो. तेव्हां त्या कवीनें नांवामागून ‘नृपति’ शब्द योजला व चरणांत पांचवें, सहावें, सातवें अशीं तिन्ही अक्षरें लघु येऊं दिलीं, म्हणजेच न-विपुला केली. आणि तिला आवश्यक तो चौथा गुरु बरोबर जागीं ठेवला. राजाच्या नांवासाठीं वृत्तास शास्त्रोक्त मुरड कशी घालावी हें वाकाटकांच्या पदरच्या कवींस चांगलें अवगत होतें. ज्यांना पृथिवीषेण बसवितां येतो त्यांना प्रभावतिगुप्ता बसवितां आली नाहीं, हें म्हणणें टिकणार नाहीं.

तेव्हां नांव गाळलें तें जाणूनबुजून. विनयानें गाळलें काय? तेंहि नव्हे. त्याच पटाच्या आंत, गद्यांत, ही राणी आपलें नांव सांगते, पित्याचें घराणें सांगते, आईचें कुल सांगते. वंशावळ वाकाटकांची न देतां गुप्तांची देते, हें तर सर्वप्रसिद्ध आहे. पटाची लिपीहि नेहमींच्या वाकाटक पेटिकाशीर्षक वळणाची नाहीं. आंत सर्वत्र माहेर आहे. बाहेर मात्र, कडीवर, जेथें गांवचे लोक व अधिकारी प्रथम पाहणार तेथें, ती केवळ युवराजाची माता आहे. आंत ती कोण आहे हें सांगितलें. बाहेर ती कोणत्या अधिकारानें आज्ञा करते हें सांगितलें. नांव घातलें असतें तर आज्ञा गुप्तकन्येची झाली असती. ‘जननी’ हें पद घातल्यानें ती वाकाटकांची राहिली.

पूर्वार्धाचें व्याकरण आतां अधिक बारकाईनें पाहिलें पाहिजे. ‘ललाम’ हा शब्द भूषण ह्या अर्थीं नपुंसकलिंगी आहे. ‘रत्न’ जसें पुरुषासहि म्हणतां येतें व स्त्रीसहि, तसाच हा. ‘श्री’ अन्तीं असलेल्या बहुव्रीहीचें षष्ठी एकवचन ‘श्रियः’ हें पुल्लिंगांत होतें, आणि स्त्रीलिंगांतहि ‘श्रियाः’ बरोबर ‘श्रियः’ हें रूप शास्त्रशुद्ध आहे. म्हणजे मुद्रेच्या पूर्वार्धांतलीं दोन्ही विशेषणें लिंग प्रकट करीत नाहींत. तीं युवराजाकडे लावावीं, तर अन्वय लागतो. मातेकडे लावावीं, तरी लागतो. शब्दांचा ओघ पाहतां तीं युवराजाकडेच जावीं, असें मला वाटतें. पण मग ज्याचा राज्याभिषेक झालेला नाहीं, व जो पुढें राजा झाल्याचाहि पुरावा नाहीं, त्या मुलास ‘राजलक्ष्मी लाभलेला’ म्हटल्यासारखें होतें. मातेकडे घ्यावीं, तर वंशक्रम हा शब्द अडतो. दोन्ही अर्थ थोडे थोडे अपुरे आहेत आणि दोन्ही मिळून पुरे होतात. लक्ष्मी क्रमानें मुलाकडे आली, हातीं मात्र आईच्या आहे!

ह्यावरून एक तर्क करावासा वाटतो. तर्क म्हणूनच तो घ्यावा. सामान्य समजूत अशी कीं, राजाची मुद्रा मूळची व मातेची मुद्रा तींत फेरफार करून केलेली. पहिल्या व तिसऱ्या चरणांची जी जुळी चाल वर दाखविली ती ह्या समजुतीस पोषक दिसते. परंतु ती चाल प्रवरसेनाच्या नांवामुळें येते, आणि प्रवरसेनाचे पट मातेच्या ह्या पटानंतरचे. शिवाय राजासाठीं श्लोक रचतांना लिंग झांकण्याचें कांहींच कारण नव्हतें; पुल्लिंगी विशेषणें हवीं तितकीं होतीं. दोन्ही विशेषणें अशीं निवडलीं जावीं कीं तीं स्त्री-पुरुष दोघांसहि लागू पडतील, ही गोष्ट स्त्री राज्य करीत असतां पुरुषाच्या नांवानें मुद्रा पाडावयाची होती त्या प्रसंगास अधिक शोभते. श्लोक आईसाठीं जुळविला गेला असावा, आणि मुलानें गादीवर आल्यावर तिसरा चरण तेवढा बदलून तोच पुढें चालविला असावा, असें मला वाटतें. विरुद्ध पुरावा निघाल्यास हें मत सोडून देण्यास मला संकोच वाटणार नाहीं. फळ्यावरची एक चूक पत्करल्यावर दुसरी पत्करणें जड जात नाहीं.

मातेच्या चरणाची मोजणी द्यावयाची राहिली. ती ल ग ग ल ल ग ग अशी आहे. पहिल्या चरणाशीं ती जुळत नाहीं. दुसऱ्या चरणाच्या पहिल्या सहा अक्षरांशीं जुळते. राजाच्या मुद्रेंत तिसरा चरण कुलाच्या चरणाची चाल उचलतो, मातेच्या मुद्रेंत तो वंशक्रमाच्या चरणाची चाल उचलतो. श्लोक मोठ्यानें म्हणून पाहिल्यास फरक तत्काळ जाणवतो : राजाचा श्लोक मध्यावर पुन्हां नव्यानें सुरू होतो, मातेचा मध्यावर न थांबतां वाहत जातो व थेट चौथ्या चरणाच्या ‘शासन’ शब्दावर आदळतो.

भावाविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं, कारण श्लोकच फार बोलत नाहीं. रस वीर म्हणावा, तर उत्साहाचा उद्रेक कोठें नाहीं. शत्रु आहे पण युद्ध नाहीं. धृति हा भाव सर्वांत जवळचा. ज्याला आपला अधिकार सिद्ध करावयाचा नाहीं, नुसता सांगावयाचा आहे, त्याची ही वाणी आहे. मातेच्या मुद्रेंत वात्सल्य शोधणें मात्र भाबडेपणाचें होईल. तेथें ‘जननी’ हा शब्द हृदयाचा नसून कायद्याचा आहे. तरी राजाच्या मुद्रेंत जें स्वस्थपण आहे तें तेथें नाहीं, असें वारंवार वाचल्यावर वाटतें. शब्द तेच, पण आधार दुसऱ्याच्या नांवाचा. आणि तें नांवहि मुद्रेवर नाहीं.

पृथिवीषेणाच्या मुद्रेशीं ताडून पाहिल्यास हा भाव अधिक स्पष्ट होतो. तेथें पहिल्याच चरणांत पित्याचें नांव आहे, तो नरेन्द्रसेनाचा सत्पुत्र आहे. वंशक्रमाचा उल्लेख गेला आहे. आणि शेवटीं शत्रूंस दण्ड करणाऱ्या आज्ञेऐवजीं जिंकूं इच्छिणाराची जयाज्ञा आहे. लाभलेली लक्ष्मी व जिंकावयाची लक्ष्मी ह्यांतलें अंतर दोन पिढ्यांचें आहे. बालाघाटच्या रानांत झाडास टांगलेला जो त्याचा अपुरा ताम्रपट मिळाला, त्यांत त्यानें बुडालेल्या वंशाचा उद्धार केल्याचें म्हटलें आहे. ती बुडण्याची गोष्ट मुद्रेंतल्या एका ‘जिगीषु’ शब्दांत अगोदरच कळते.

जुनी घडण पूर्वेकडे मात्र टिकली. छत्तीसगडांतील आरंग येथें मिळालेल्या शरभपुरीय जयराजाच्या ताम्रपटाच्या मुद्रेवर अनुष्टुभ् आहे, आणि त्याचा चौथा चरण वाकाटकांचाच आहे. आधींचे तीन त्याचे स्वतःचे. वाकाटकांचा नमुना पुढें ठेवूनच तो केलेला असावा. चांगला चरण मुद्रेवरून मुद्रेवर जावयास नदी आड येत नाहीं. पुढें बारा शतकांनीं शिवछत्रपतींची संस्कृत मुद्रा झाली, तीहि अनुष्टुभांतच. परंतु तिची रीत निराळी. तेथें प्रतिपदेच्या चंद्रकलेची उपमा आहे, क्रियापद आहे, आणि कर्त्याच्या स्थानीं खुद्द मुद्रा आहे. ती आपल्याविषयीं बोलते. वाकाटकांची मुद्रा आपल्याविषयीं मौन धरून आज्ञेविषयीं बोलते. एकींत वाढीची आशा, दुसरींत मिळालेल्याची ग्वाही. दोहोंचा पूर्वापर संबंध जोडण्याचें धाडस मी करीत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. भंडारा हें पितळेच्या भांड्यांचें गांव. जुनें तांबें व पितळ येथें भट्टींत जाण्यास वेळ लागत नाहीं. पत्र्यांवर अक्षरें दिसतात म्हणून ते कधीं कधीं वांचतात. कडीपासून सुटलेली चकती मात्र कोणास ओळखूं येत नाहीं, ती मोडींत वजनावर जाते. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला असला तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आमसभेच्या, लग्नकार्याच्या निमित्तानें फिरणारे आपले सभासद आहेत. त्यांपैकीं कोणास अशी चार ओळींची चकती आढळल्यास ती घासूं नये, चिंच लावूं नये. पातळ कागद ओला करून वर दाबावा व मऊ ब्रशानें ठोकून ठसा घ्यावा. आणि पहिली ओळ वाचण्यांत वेळ न दवडतां तिसरी ओळ आधीं वाचावी.